आईंच्या इंग्रजीचा हिवाळा

रविवारी घड्याळं एक तास मागे घेतली. इथे दर नोव्हेंबरात घेतात. फोन आपले आपण बदलतात, पण ओव्हनचं आणि गाडीचं घड्याळ हातानं बदलावं लागतं, आणि मी ते काम होता होईल तो टाळते. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत रेंगाळणारा उजेड आता पावणेपाचलाच आवरतं घेतो. अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूची ही उंच फरची झाडं दिवसा शोभेची वाटतात. या दिवसांत मात्र चारपासूनच त्यांच्या बुंध्यांमध्ये अंधार गोळा व्हायला लागतो आणि हळूहळू घराकडे सरकतो. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही. नुसती भुरभुर, जिला आवाज नाही की वास नाही. दुपारच्या मीटिंगमध्ये माझ्यामागची खिडकी काळी होत जाते आणि स्क्रीनवर माझाच चेहरा मला परका दिसायला लागतो.

लोक सांगतात, व्हिटॅमिन डी घे. घेते मी. पण या दिवसांत मला जे होतं त्यावर तो इलाज नाही. घरात कुणी नेहमीपेक्षा गोड बोललं, कुणी भांडायच्या जागी नुसतं हसलं, की मला भीती वाटते. ती मला तीन हिवाळ्यांपूर्वी लागली. त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई इंग्रजी शिकत होत्या.

सासूबाई म्हणजे निखिलच्या आई. मीही त्यांना आईच म्हणते. नागपूरला महाल भागात त्यांचा शिवणाचा क्लास होता. अर्ध्या महालातल्या मुली त्यांच्या हाताखाली ब्लाउज बेतायला शिकल्या आणि तेवढ्याच त्यांची बोलणी खाऊन घरी जाऊन रडल्या. बाबा गेल्यावर निखिलनं त्यांना कायमचं इकडे आणलं. माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे आमच्यात जे चालायचं ते सासू-सुनेचं कमी आणि नागपूर-पुण्याचं जास्त. मी केलेला उपमा बघून एकदा म्हणाल्या, "हे कोणी केलं, का भांड्यात आपोआप झालं?" मी पोस्टाच्या खिडकीवर तिकीट मागायला उभी असल्यासारखी बोलते, असं त्यांचं माझ्याबद्दल मत होतं. समोरच्या घरातले गृहस्थ दोन दांडगी कुत्री घेऊन निघाले की यांचं सुरू, "पाहा, आज मालकाला कुठं फिरवून राहिले." मला राग यायचा, हसूही यायचं, आणि चोख उत्तर सुचायचं ते संध्याकाळी भांडी लावताना.

अशी बाई गप्प कशी बसणार? आल्या आठवड्यातच त्यांनी जाहीर केलं, "मी इथं मुकी बसणार नाही बाप्पा. मला इंग्रजी शिकवा." इथल्या लायब्ररीत मोठ्या माणसांसाठी मोफत वर्ग चालतो. मिस लिंडा नावाच्या निवृत्त बाई शिकवतात. एक चिनी आजोबा, एक युक्रेनची बाई आणि आमच्या आई, अशी पहिली बाकं भरली. हे काय आहे, ते काय आहे. एक पुस्तक, अनेक पुस्तकं. आत, वर, खाली, मागे. सोमवार, मंगळवार. घरी आल्या की आई स्वेटर काढायच्या आधी तक्रार नोंदवायच्या. "एक चाइल्ड, तर दोन चाइल्ड्स काहून नाही? चिल्ड्रेन कुठून आलं मधेच?" आणि त्यांचा खास राग होता तो 'द'वर. "आपल्याकडे लग्नात एक माणूस असतो ना, तो कोणाकडचा ते कोणालाच माहीत नसतं, पण पाहावं तेव्हा पंगतीत बसलेला. तसा हा 'द'. याचं काम काय, ते ती लिंडा सांगत नाही."

मी खूप हसले होते. आज ते आठवलं की वाटतं, घरातलं ते त्यांचं शेवटचं लखलखीत बोलणं होतं आणि मला ते लिहून ठेवायचंसुद्धा सुचलं नाही.

इरा, आमची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची होती. ती इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. आजीला शिकवायला मिळतंय म्हटल्यावर तिनं घरभर पिवळे कागद चिकटवले. फ्रिजवर फ्रिज, आरशावर मिरर, दारावर डोअर. एकदा आजीच्या पाठीवरच ग्रँडमदर चिकटवलं आणि आई तशाच तासभर घरात फिरल्या. घर वाणसामानाच्या दुकानासारखं दिसायला लागलं. आई येता जाता कागदासमोर थांबायच्या, बोट ठेवायच्या, ओठ हलवायच्या. आम्हाला त्यात जिद्द दिसायची.

कधीतरी असं व्हायला लागलं की मराठी शब्दच त्यांना चटकन सापडेना. एकदा सिंकपाशी त्या हात पुढे करून नुसत्याच उभ्या राहिल्या. "हे गं... हे पाण्याचं..." इरा धावत आली. "फॉसेट, आजी. इट्स अ फॉसेट." "फॉसेट," आई म्हणाल्या, आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. आईंनी आमच्याकडे बघितलं. त्या हसल्या, पण जरा उशिरानं, आम्ही का हसतोय याचा अंदाज घेऊन.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच कसं कळलं नाही. पण आमच्या घरात शब्द विसरला म्हणून कुणाला डॉक्टरकडे नेत नाहीत. निखिल सकाळी उठून म्हणतो, "अगं, नाइनची मीटिंग कॅन्सल झाली, मी इराला ड्रॉप करतो, तू ते पार्सल रिटर्न कर." यातलं मराठी शोधायला दिवा लावावा लागेल. मी स्वतः इंडियन स्टोअरमध्ये 'चाळणी' हा शब्द आठवत उभी राहिले आहे आणि शेवटी हातवारे करून चहा गाळून दाखवला आहे. आमच्यात मराठी शब्द विसरणं ही प्रगती धरतात. नवा आलेला माणूस 'अंऽऽ, काय म्हणतात त्याला' असं म्हणायला लागला की आम्ही म्हणतो, रुळला बरं का. आई रुळत होत्या.

दिवाळीच्या फराळाला शुभांगीकाकूंकडे गेलो. दर वर्षी त्यांच्याकडे दहा-बारा मराठी कुटुंबं जमतात. कोण पुण्याचं, कोण मुंबईचं, आणि नागपूरचं आमचं एक. काकूंच्या चकल्या मऊ पडल्या होत्या. मी धास्तावून आईंकडे बघितलं. मऊ चकलीवर आई काय बोलतील या विचारानं मी आधीच मनातल्या मनात माफी मागून ठेवली होती. आईंनी घास संपवला आणि म्हणाल्या, "नाइस." सगळे हसले. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर एकदम अमेरिकन झालात." आई पुन्हा म्हणाल्या, "नाइस."

परतताना गाडीत निखिल म्हणाला, "आई किती मेलो, एकदम शांत झालीय ना, यार. इथलं सूट झालं तिला." वायपर चालू होते, मागच्या सीटवर आई बाहेरच्या ओल्या अंधाराकडे बघत होत्या. मी म्हणाले, हो ना. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवत नव्हतं.

मग निखिलनं नियम काढला: जेवताना फक्त इंग्रजी, म्हणजे आईला प्रॅक्टिस मिळेल. पहिले काही दिवस मजा आली. आई म्हणायच्या, "प्लीज पास द सॉल्ट," आणि मुद्दाम 'द'वर जोर द्यायच्या. मग मीठ मागणं बंद झालं. आमटी अळणी असली तरी त्या तशीच जेवायच्या. नुसतं 'थँक यू' उरलं. जिनं जन्मभर जेवताना सगळ्यांची हजेरी घेतली ती बाई मान खाली घालून जेवायला लागली, आणि आम्हाला वाटलं, मनात वाक्यं जुळवत असतील. काचेपलीकडे अंधार आणि आत ताटांचा आवाज. त्या शांततेला मी शांतता समजत होते.

डिसेंबरात एका संध्याकाळी वारा सुटला. इथे तो सुटला की झाडं तारांवर पडतात आणि वस्तीच्या वस्ती काळोखात जाते. निखिल इराला आणायला पोहण्याच्या क्लासला गेला होता. घरात आम्ही दोघीच. दिवे गेले आणि बाहेर फांद्या कडाकडा मोडायला लागल्या. मी फोनचा उजेड लावेपर्यंत स्वयंपाकघरातून एकेक खण उघडल्याचा आवाज येत होता.

"काय शोधताय, आई?"

"ते... पांढरं. जळतं ते."

"कँडल का? इथे आहे, थांबा."

"कँडल नाही." त्यांचा आवाज चढला. "ते लिंडाचं झालं. आपलं सांग. आपल्यात काय म्हणतात त्याला?"

"मेणबत्ती," मी म्हणाले.

फोनच्या उजेडात मला फक्त त्यांचे हात दिसत होते, खणाच्या कडेला घट्ट धरलेले. तो शब्द त्यांनी ओळखीचा वाटतो का ते बघण्यासाठी एकदा पुटपुटून पाहिला. मग अगदी हळू म्हणाल्या, "हे तू मला शिकवलं का?"

मेणबत्ती पेटवताना माझ्या हातून दोन काड्या विझल्या. आईंना मी सोफ्यावर बसवलं, शाल दिली, आणि पलीकडे बसून राहिले. निखिलची गाडी येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. वारा छपरावरून काहीतरी ओढत नेत होता.

निखिलला सांगितलं तेव्हा तो चिडला. घाबरला की तो चिडतो. "सत्तरीत नवीन लँग्वेज शिकतेय ती. ब्रेन ओव्हरलोड होणारच ना. तूसुद्धा जर्मन शिकताना रडत होतीस." त्याचं म्हणणं मला पटावंसं वाटलं, म्हणून पटलं. आम्ही ठरवलं की इंग्रजी बंद करायचं. जेवणाचा नियम रद्द. वर्ग बंद. घरात मराठीशिवाय बोलायचं नाही. नव्या भाषेनं जुनी दाबली गेली आहे, वरचं ओझं काढलं की खालचं आपोआप वर येईल, असा आमचा साधा हिशेब होता.

मिस लिंडांना सांगायला मी लायब्ररीत गेले. त्यांना वाईट वाटलं. "शी वॉज सो फनी इन द बिगिनिंग," त्या म्हणाल्या. आईंना 'द' कळत नाही यावरून वर्गात त्यांनी केलेली नक्कल लिंडांना अजून आठवत होती. मग जरा थांबून त्यांनी सांगितलं की अलीकडे आई दर वर्गात येऊन त्यांना नव्यानं भेटतात, हात पुढे करून, ओळख करून घेतात. "आय थॉट शी वॉज प्रॅक्टिसिंग." मी म्हणाले, हो, प्रॅक्टिसच असेल. त्यांना वाटत होतं, घरी आपल्या भाषेत ही बाई ठीक असणार. आम्हाला वाटत होतं, वर्गात चांगलं चाललंय म्हणून घरी असं होतंय. दोन्ही बाजूंनी आम्ही एकमेकींच्या भरवशावर निर्धास्त होतो.

मराठी परत आली नाही. आम्ही वाट बघितली. निखिल मुद्दाम नागपुरी बोलायचा, "काय करून राहिली, आई?" मी यूट्यूबवर कीर्तनं लावायचे. जानेवारीचे ते दिवस माझ्या आठवणीत एकाच करड्या रंगाचे आहेत. सकाळी आठला उजाडायचं आणि जेवण आवरेपर्यंत पुन्हा मावळायला लागायचं. आई कागदांवर बोट ठेवत हिंडायच्या, पण आता ओठ हलत नसत. एके दिवशी सिंकपाशी त्या पुन्हा तशाच उभ्या राहिल्या, आणि या वेळी फॉसेटही आलं नाही. इरा माझ्याकडे बघायला लागली. मी जाऊन नळ सोडला.

त्याच सुमारास निखिलच्या कोटाचं बटण तुटलं. आईंनी तो ओढून घेतला. मला आनंद झाला, कारण सुई हातात आली की त्या पूर्वीच्या व्हायच्या. पाठ ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोरा दातानं तोडायची ती सवय. खिडकीपाशी बसून त्यांनी काम केलं आणि कोट घडी करून आणून दिला. बटण इतकं पक्कं बसवलं होतं की मशीननंही बसवलं नसतं. चार भोकांत चौकोनी टाके, खाली दोऱ्याची मान गुंडाळलेली, अगदी त्यांचीच पद्धत. फक्त ते कोटाच्या आतल्या बाजूला होतं, अस्तरावर.

निखिलनं तो कोट हातात घेतला आणि आतल्या बटणावरून अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी इंग्रजीत प्रश्न विचारले, निखिलनं मराठीत सांगितले. आज वार कोणता, हे आकडे उलटे म्हणा, हे चित्र कशाचं. निकाल वाईट आला. निखिल वाद घालायला लागला. प्रश्न भाषांतरात बिघडतात, चित्रातला प्राणी तिनं कधी बघितलेला नाही, ती या देशाला घाबरलीय. डॉक्टर समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, असं खरंच होतं; आपण पुन्हा करू, पूर्णपणे तिच्या भाषेत, बाहेरचा दुभाषा घेऊन. घरच्यांनी मधे बोलायचं नाही.

तेवढ्यावर आम्ही दोन आठवडे जगलो. मी आयुष्यात इतकी एखाद्या भाषेच्या मागे लागले नव्हते, जितकी तेव्हा इंग्रजीच्या. सगळा आळ तिच्यावर यावा, असं मला वाटत होतं. चाइल्डचं चिल्ड्रेन होतं म्हणून, तो 'द' कुठेही घुसतो म्हणून आमच्या आई गोंधळल्या असाव्यात. मराठीत विचारलं की त्या मान वर करतील आणि डॉक्टरांचं त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या शिवणीपासून सगळं काढतील. मी मनोमन मागत होते की मला पुन्हा उपम्यावरून बोलणी बसू देत. कुणी हसेल, पण मी देवापुढे उभी राहून हेच मागितलं.

त्या दिवशी आईंना मी त्यांनीच नागपूरहून आणलेली सुती साडी नेसवली. फ्रीवेवर इतकी भुरभुर होती की पुढच्या गाड्यांचे फक्त लाल दिवे दिसत होते. खोली लहान होती. आईंच्या शेजारी निखिल बसला, मी दारापाशी उभी राहिले. टेबलावरच्या स्क्रीनवर दुभाषा आला. दूरच्या कुठल्याशा राज्यातला तरुण माणूस, आवाज मऊ, मराठी स्वच्छ. "नमस्कार आजी. मी तुम्हाला काही प्रश्न विचारणार आहे. सोपे आहेत."

"विचारा," आई म्हणाल्या. पाठ ताठ होती.

"सध्या कोणता ऋतू चालू आहे?"

"काहून? तुमच्या घरी खिडकी नाही का?"

निखिल मोठ्यानं हसला. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आल्या, मला वाटलं. आमच्या आई परत आल्या. दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा डॉक्टरही हसल्या. मग त्या खऱ्या उत्तरासाठी थांबल्या. सगळेच थांबलो. आईंनी खिडकीकडे बघितलं. काचेवरून पाणी उतरत होतं. त्यांनी ते पुष्कळ वेळ बघितलं, मग निखिलकडे बघितलं, आणि तो मान खाली घालून बसला तेव्हा दुभाष्याला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा की. तुम्हाला माहीत आहे ना?"

त्यानंतरचं सगळं मराठीत झालं. स्वच्छ, सोप्या, आमच्या मराठीत. लक्षात ठेवायला सांगितलेले शब्द गेले. गाव सांगितलं ते नागपूर. साल सांगितलं ते निखिलच्या जन्माच्या आसपासचं. मी आतल्या आत प्रत्येक उत्तर देत होते, जणू माझं त्यांना ऐकू जाईल. इंग्रजी त्या खोलीत कुठेच नव्हती.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता त्यांना एक पूर्ण वाक्य बोलू दे. कसलंही, मनात येईल ते. दुभाष्यानं समजावलं. आईंनी पदर नीट केला, खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. त्यांचा चेहरा एकदम मायेनं भरून आला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं.

"या बाईंना बसायला खुर्ची द्या ना," त्या म्हणाल्या. "केव्हाच्या उभ्या आहेत. कोणाच्या कोण, बिचाऱ्या."

दुभाष्यानं भाषांतर केलं. डॉक्टर आईंकडे बघून प्रेमानं हसल्या, म्हणाल्या, "हाउ काइंड," आणि त्या वाक्याचा पूर्ण गुण दिला. मग उठून त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची माझ्याकडे सरकवली. निखिलनं माझ्याकडे बघितलं नाही.

आई अजून माझ्याकडेच बघत होत्या, मी बसते की नाही ते.

मी बसले.